चौसष्ट बाइटांचा सातबारा

दुकानातून जोडून घेतलेला कॉम्प्युटर घरी यायचा त्या काळात हार्ड डिस्कची वाटणी दुकानदारच परस्पर उरकून टाकत असे. 'माय कॉम्प्युटर' उघडलं की सी, डी, ई, कधी कधी एफसुद्धा, अशा खोल्या ओळीनं मांडलेल्या दिसत. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फायली, ईमध्ये गाणी आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. पैसे मोजून घेताना तो एक कानमंत्र द्यायचा: "सीमध्ये काही ठेवू नका साहेब, फॉरमॅट मारला की गेलं." त्या मंत्रावर अख्खी पिढी वाढली. अजूनही नवा लॅपटॉप उघडून 'यात डी का नाही?' असं विचारणारे भेटतात.

मंत्र खराच होता. सी पुसली तरी डी शाबूत राहायची. पण डबीत तबकडी एकच (फार तर एकमेकींवर रचलेल्या दोन-तीन), मग सी आणि डीच्या मध्ये भिंत कुठे असते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

भिंत नसतेच. डिस्कला स्वतःला सी-डी काही कळत नाही. तिला फक्त सेक्टर ठाऊक: ५१२ बाइटांचे तुकडे, शून्यापासून नंबर टाकलेले. अमुक नंबरचा तुकडा वाच म्हटलं की वाचते, त्यावर हे लिही म्हटलं की लिहिते. कोण सांगतंय, कशासाठी सांगतंय, याची चौकशी करणं तिच्या स्वभावात नाही. कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंतची जागा कुणाची, एवढी नोंद तिच्या अगदी पहिल्या, म्हणजे शून्य नंबरच्या सेक्टरवर असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ही नोंद भरते ६४ बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. त्या हिशेबानं ६४ बाइटांत 'सातबारा' हा शब्द तीनदा लिहिता येतो आणि एक बाइट उरतो.

सातबाराच आठवायला कारण आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची आणि किती, नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकतं. डिस्कवरच्या नोंदीतही हेच दोन भाग असतात. त्या ६४ बाइटांत सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी. माझ्या जुन्या डिस्कवरची पहिली ओळ अशी आहे: सुरुवातीला ८०, म्हणजे 'कॉम्प्युटर इथून सुरू होतो'. मग तीन बाइट जुन्या मोजमापाचे, जे आता कुणी वाचत नाही. मग ०७, हा जमिनीचा प्रकार. इथे विंडोजची एनटीएफएस ही फाइल मांडण्याची पद्धत आहे. पुन्हा तीन बाइट जुन्या मोजमापाचे. मग ०० ०८ ०० ००, सुरुवात कुठून. शेवटी ०० ०० २० ०३, किती सेक्टर. हे आकडे सोळाच्या पायाचे आणि उलटे, उजवीकडून डावीकडे वाचायचे. उलगडले तर सुरुवात २०४८व्या सेक्टरवर आणि लांबी ५,२४,२८,८०० सेक्टर, म्हणजे बरोबर २५ गीगाबाइट. चार ओळी संपल्या की दोन बाइटांचा शिक्का, ५५ आणि एए. तो नसेल तर कागदच ग्राह्य नाही.

या ओळी चारच का, याचं उत्तर १९८३ सालात आहे. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन, आणि त्याच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती. आज त्या डिस्कवर मोबाइलनं काढलेले दोन-तीन फोटो कसेबसे मावतील. तेव्हा फ्लॉपीवाल्यांना ती गायरानाएवढी वाटली असणार. पीसीवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टिकणार हे मात्र ठरायचं होतं. १९८१ साली पीसी आला तेव्हा आयबीएमनं त्यासाठी डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम असे तीन पर्याय सांगितले होते. तेव्हा एका डिस्कवर चार ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून ही चार ओळींची वाटणी. डॉसच्या त्या आवृत्तीला स्वतःसाठी एकच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एकच तुकडा, पाडता यायचं; बाकीची जागा इतरांची.

म्हणजे गाण्यांसाठी ई आणि फोटोंसाठी एफ हा आपला वापर नंतरचा. एका डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी टाकणाऱ्याला लोक हौशी, हट्टी, प्रसंगी येडा समजतात, पण वाटणीचा कायदा झाला तो त्याच्यासाठीच. (सीचं नाव सी कारण ए आणि बी फ्लॉप्यांनी अडवली होती. फ्लॉप्या गेल्या, त्यांची अक्षरं अजून कुणाला सहसा दिली जात नाहीत.)

पुढे डॉसलाच जास्त खोल्या लागायला लागल्या तेव्हा चारची मर्यादा काचू लागली. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये तोड निघाली ती आपल्या तलाठ्याला सुचावी अशी, पोटहिस्स्यांची. चारपैकी एका ओळीत 'विस्तारित' पार्टिशन दाखवायचं आणि त्याच्या आत हवे तेवढे तुकडे पाडायचे. पण या पोटहिस्स्यांची एकत्र नोंद कुठेच नाही. पहिल्याच्या तोंडाशी दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याच्या तोंडाशी तिसऱ्याचा. साखळीतली एक कडी बिघडली की पुढचे सगळे बेपत्ता. लिनक्समध्ये जुन्या डिस्कवर एक, दोन आणि मग एकदम पाच नंबरचं पार्टिशन दिसतं त्याचं मूळ हेच: एक ते चार नंबर मूळ ओळींना राखून ठेवलेले, पोटहिस्से पाचपासून.

आता या कागदाचा अंमल कोण करतं? कुणीच नाही. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाली की स्वतःहून हा कागद वाचते, आपल्या ओळखीचा प्रकार दिसला तर ती जागा आपली मानते, बाकीच्यांना हात लावत नाही. सगळा मामला सभ्यतेवर चालतो. त्यातही घोळ आहेतच. ०७ हा आकडा आधी ओएस/२ च्या एचपीएफएससाठी होता. एनटीएफएस आली तिनंही तोच घेतला. लिनक्सच्या स्वॅपचा (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेचा) आकडा ८२. इंटेल मशीनवरच्या सोलारिसचाही ८२. अनोळखी जमीन दिसली की विंडोज ती पडीक समजते आणि 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का?' असं मोठ्या अदबीनं विचारते. लिनक्सचं भरलेलं घर असतं ते. अर्ध्या झोपेत 'हो' म्हटलेले लोक मला माहीत आहेत.

सभ्यता सुटली तर काय होतं याचा सगळ्यात नामांकित दाखला खुद्द लिनक्सच्या जन्माशी जोडलेला आहे. १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ३८६ पीसी घेतला आणि त्याच्या डिस्कवर मिनिक्स टाकली. अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी लिहिलेली ती ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स लिहिली गेली ती मिनिक्समध्ये बसून, मिनिक्सचीच फाइल मांडण्याची पद्धत उसनी घेऊन. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं आपल्या उद्योगाची जाहीर वाच्यता केली. त्यानंतर काही महिन्यांतच, विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोन लावताना त्यानं मोडेमच्या नावाऐवजी हार्ड डिस्कच्या पार्टिशनचं नाव दिलं. मोडेमला जायच्या 'फोन फिरव'च्या आज्ञा थेट मिनिक्सच्या पार्टिशनवर लिहिल्या गेल्या. डिस्क तक्रार कशाला करेल? लिही म्हटलं, तिनं लिहिलं. मिनिक्स गेली. ती पुन्हा टाकायची की आपल्या अर्ध्याकच्च्या लिनक्सवरच राहायचं, असा प्रश्न उरला आणि त्यानं लिनक्स निवडली. भाडेकरूनं मालकाचं घर पाडलं आणि स्वतःच्या झोपडीत राहायला गेला. त्या झोपडीचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे.

माझी गोष्ट एवढी नामांकित नाही. आमच्या मासिकाच्या कचेरीत जुन्या अंकांच्या फायली पेजमेकरमध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्यातला मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांतला, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉण्ट नसेल तर पानभर नुसत्या इंग्रजी बाराखडीची भेळ दिसते. डीटीपी करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हे दुखणं नवं नाही. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं तेव्हा आमच्यापुढे पेच आला: एक्सपी ठेवावी तर इंटरनेटवर नेणं धोक्याचं, काढावी तर वीस वर्षांचे अंक मुके. तोडगा म्हणून त्याच मशीनवर दोन संसार मांडले. एक्सपी फक्त पेजमेकरपुरती, तिची इंटरनेटची वायर कायमची तोडलेली. मेल, ब्राउझर, बाकी सगळं लिनक्सवर.

त्या मशीनमध्ये डिस्का दोन होत्या. वाटणीसाठी उघडलेल्या जीपार्टेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये वर उजवीकडे डिस्क निवडायची छोटी चौकट असते. माझी नजर चुकून ती दुसऱ्या डिस्कवर राहिली. पार्टिशनची रंगीत पट्टी तर सारखीच दिसत होती. पार्टिशन निवडलं, डिलिट केलं, हिरवी बरोबरची खूण दाबली. अर्ध्या सेकंदात काम फत्ते. ती अर्ध्या सेकंदाची चपळाईच संशयाची होती, कारण जिथे ८० गीगाबाइट मजकूर आहे तिथे तो पुसायला काही वेळ लागायला हवा. मग लक्षात आलं की आपण मजकूर पुसलेलाच नाही. सोळा बाइटांची एक ओळ तेवढी कोरी केली आहे. सातबारा फाटला, जमीन जागेवर होती.

अशा वेळी टेस्टडिस्क धावून येतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेला, फुकट मिळणारा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम. तो कागद बाजूला ठेवतो आणि जमिनीवरून चालत जातो. प्रत्येक फाइलपद्धतीच्या पार्टिशनच्या तोंडाशी काही ठरावीक खुणा असतात: इथून मी सुरू, माझी लांबी इतकी. बांध मोडला तरी कोपऱ्यातला दगड राहावा तसं. दगड सापडत गेले की तो नवी मोजणी मांडतो आणि 'हीच होती का?' असं विचारतो. रात्री सुरू केला, सकाळी चहाच्या वेळेला आमचा ८० गीगाबाइटचा तुकडा जसाच्या तसा परत. या सगळ्यात मी एकच शहाणपणा केला होता: चूक कळल्यावर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

वाटणी झाली तरी सकाळी आधी कोणी उठायचं हा तंटा उरतोच. जुन्या मशीनमध्ये बायोस, म्हणजे मशीन जागं करणारी मदरबोर्डवरची आज्ञावली, पहिला सेक्टर उचलते आणि त्यात जे काही लिहिलं असेल ते डोळे मिटून चालवते. ५१२ मधून ६४ बाइट वाटणीचे आणि दोन शिक्क्याचे गेले की उरतात ४४६. एवढ्याशा जागेत 'विंडोज की लिनक्स?' विचारणारा प्रोग्रॅम बसवायचा. वेर्नर अल्मेसबर्गरचा लिलो हे काम करायचा आणि तो गडी मोठा मजेशीर होता. कामाचा एकेक टप्पा पार पडला की स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवायचा. चारही अक्षरं दिसली की गाडी निघाली. 'एल' वर थांबला तर एक बिघाड, 'एल-आय' वर थांबला तर दुसरा. ४४६ बाइटांत चुकीचा खुलासा लिहायला जागा कुठली? म्हणून नावाचीच काटकसर. त्याची खोड अशी की लिनक्सचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, डिस्कवर कुठकुठल्या सेक्टरवर आहे हे तो आधीच टिपून ठेवायचा. कर्नल बदललं आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात की दुसऱ्या दिवशी मशीन गप्प.

ग्रबनं हे सोडवलं. एरिक बोलेन यानं १९९५ मध्ये त्याला हात घातला. सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकाच दारातून सुरू व्हाव्यात, म्हणून भौतिकशास्त्रातल्या महाएकीकरणाच्या सिद्धान्तावरून नावात कोटी केलेली. ग्रबला फाइलपद्धती वाचता येतात, त्यामुळे कर्नल कुठेही असलं तरी तो नावानं शोधतो. एवढी अक्कल ४४६ बाइटांत मावत नाही. त्यानं मग बांधाकडेची पड धरली. जुन्या वहिवाटीप्रमाणे पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं; शून्याच्या नोंदीनंतर मधले ६२ सेक्टर, म्हणजे ३१ किलोबाइट, कुणाच्याच नावावर नव्हते. ग्रब तिथे पसरला. आता पडीक जमिनीवर डोळा एकाचाच थोडा असतो! महागड्या सॉफ्टवेअरची चोरी पकडणारे काही प्रोग्रॅमही आपल्या गुप्त खुणा तिथेच पुरायचे. विंडोजमध्ये असा प्रोग्रॅम उघडला की ग्रबचा लचका तुटायचा आणि लोक बिचाऱ्या लिनक्सला शिव्या घालायचे.

विंडोजचा स्वतःचा खाक्या आणखी सरळ. ती टाकली की पहिल्या सेक्टरमधल्या त्या ४४६ बाइटांत आपला मजकूर लिहून मोकळी. आधी तिथे कोण होतं हे विचारायचं नाही. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा ड्युअल बूटवाल्यांचा, म्हणजे एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणाऱ्यांचा, पहिला पाठ या अनुभवातून आला आहे.

हा ६४ बाइटांचा कागद शेवटी पुरेनासा झाला तो लांबीमुळे. सुरुवातीचा नंबर आणि सेक्टरांची संख्या लिहायला प्रत्येकी चारच बाइट, म्हणजे साधारण ४२९ कोटी सेक्टर, म्हणजे २.२ टेराबाइट. त्याहून मोठ्या डिस्कचा उरलेला भाग कागदावर मांडताच येईना. तोवर इंटेलनं बायोसच्या जागी ईएफआय आणायला घेतलं होतं (आजचं यूईएफआय त्याचंच पुढचं रूप) आणि त्याच्याबरोबर जीपीटी ही नवी नोंदवही. चारऐवजी साधारण १२८ ओळी, प्रत्येक ओळ १२८ बाइटांची, पार्टिशनला नाव द्यायला जागा, पानावर खाडाखोड झाली तर ओळखू यावी म्हणून बेरजेचा ताळा, आणि डिस्कच्या शेवटच्या टोकाला अख्ख्या वहीची दुसरी प्रत. पोटहिस्से इतिहासजमा.

जुन्या प्रोग्रॅमांना ही वही वाचता येत नाही. ते शून्य सेक्टर उघडणार, डिस्क रिकामी समजणार आणि नांगर घालणार. म्हणून जीपीटी त्या सेक्टरवर एक बुजगावणं उभं करते: जुन्या पद्धतीची एकच खोटी ओळ, 'सगळी जमीन माझी, प्रकार तुला कळणार नाही.' जुना प्रोग्रॅम बिचकतो आणि मागे फिरतो. नव्या वहीत जमिनीचा प्रकारही एका बाइटाऐवजी सोळा बाइटांत लिहितात. जुन्या बायोसवर जीपीटी वापरायची तर ग्रबला स्वतःचं एक चिमुकलं पार्टिशन लागतं. त्याच्या प्रकाराचे सोळा बाइट डिस्कवर अक्षरं म्हणून वाचले तर 'हा! मला ईएफआय लागत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य निघतं. कुणीतरी रात्री उशिरा बसून ठरवलेलं असणार.

नव्या व्यवस्थेत उठण्याचा तंटाही बराच निवळला. ईएफआय पार्टिशन म्हणून सगळ्यांची मिळून एक सामाईक पडवी असते, साध्या फॅट पद्धतीची. विंडोजचा कप्पा वेगळा, लिनक्सचा वेगळा, आणि आधी कोणाला हाक मारायची याची यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. कुणाला कुणाचं पुसावं लागत नाही.

निदान कागदावर तरी असं आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं उबंटूवर, घरच्या लॅपटॉपवर नुसती विंडोज ११.

"मामा, शेजारी लिनक्स टाकून दे ना."

ताई आतून ओरडली, "ते हप्ते अजून फिटलेले नाहीत हं!"

डिस्कवर लिहिलेलं ५१२ आणि विंडोज दाखवत होती ४७६. भाच्याला वाटलं दुकानदारानं मापात मारलं. तसं नव्हतं. बनवणारा गीगाबाइट शंभर कोटी बाइटांचा धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. ४७६ ची फोड बघितली तर चार तुकडे: पडवीचे १०० मेगाबाइट, मायक्रोसॉफ्टनं स्वतःसाठी राखलेले १६ मेगाबाइट, मग मोठी सी आणि शेपटाला दुरुस्तीचं पार्टिशन. डी नव्हतीच.

पहिलं काम बिटलॉकर बघण्याचं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर सी आपोआप कुलूपबंद असते, घरच्यांना पत्ताही नसतो. सुरू होण्याची पद्धत जराशी बदलली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली. भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली, मी दोनदा ताडून पाहिली. मग फास्ट स्टार्टअप बंद केलं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर ठेवून डुलकी घेते, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. अशा झोपलेल्या माणसाच्या खोलीत शिरून लिनक्सनं सामान हलवलं, तर तो उठल्यावर सामान जुन्याच जागी आहे असं समजून चालायला लागतो आणि फायलींचा चुराडा होतो. शहाणी लिनक्स अशी खोली फक्त बघते, लिहीत नाही.

मग सीला अंग चोरायला सांगायचं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' म्हटलं. सीमध्ये ३५० गीगाबाइट मोकळे दिसत होते आणि विंडोज द्यायला तयार होती ४१. मधोमध कुठेतरी न हलणाऱ्या फायली बसलेल्या होत्या: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. रिकाम्या एसटीत मधल्या सीटवर आडवा झालेला माणूस असतो, तसंच. त्यांना तात्पुरतं उठवलं, मशीन बंद-चालू केलं, तेव्हा आकडा १६० वर गेला. आम्ही १२० घेतले. विंडोजच्या हातात कुलपाची किल्ली असते, त्यामुळे हा आखडण्याचा भाग तिच्याकडूनच करून घ्यावा. पुढची वाटणी लिनक्सनं केली.

हिरवी खूण दाबण्याआधी मी भाच्याला हात मागे घ्यायला लावले. माझ्या ८० गीगाबाइटची गोष्ट त्याला सांगितली आणि तीत आता एक दुरुस्ती करावी लागते हेही. तबकडीच्या डिस्कवर नोंद पुसली तरी मजकूर राहायचा, झटपट फॉरमॅट मारला तरी बराचसा राहायचा. एसएसडीवर फॉरमॅट मारताना ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला ट्रिम नावाची सूचना धाडते, 'ही जागा आता कुणाची नाही', आणि डिस्क आपल्या सवडीनं ती आतून खरोखर रिकामी करून टाकते. मग टेस्टडिस्क शेतभर कितीही फिरो, कोपऱ्यातले दगडच उचललेले असतात. त्याचे प्रोजेक्ट आणि ताईचे फोटो आम्ही आदल्या रात्रीच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले होते.

हा उद्योग कशाला, विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवता येते की, असं कुणी म्हणेल. येते. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच तशी सोय देते, आणि दोन-चार प्रोग्रॅम लिहून बघायचे तर मीही तीच सुचवीन. पण तिथे दोघी एकाच ताटात जेवतात. ४ गीगाबाइट रॅमच्या म्हाताऱ्या मशीनवर कुणाचंच पोट भरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि ११ घेण्याची ऐपत नसलेली मशीनं घरोघर पडून आहेत. त्यांच्यासाठी डिस्कची वाटणीच बरी.

वाटणी करून दोघं सुखानं नांदतातच असं नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं सिक्युअर बूटमधल्या (सुरू होताना लोडर विश्वासातला आहे का हे तपासणाऱ्या व्यवस्थेतल्या) बाद झालेल्या जुन्या लोडरांची यादी बदलली. दोन ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या मशीनना ही यादी लावायची नाही असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं, तरी कितीतरी जणांची लिनक्स त्या सकाळी उठलीच नाही. पडद्यावर फक्त काहीतरी गंभीर बिघडल्याचा निरोप. कागदावरचा बांध दोन्ही बाजूंनी पाळला तरच बांध.

भाच्याचं काम तासाभरात झालं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर सरळ विंडोज. पडवीत लिनक्सचा कप्पा होता, पण चिपमधल्या यादीत विंडोजचं नाव वर. एफ२ दाबून आत गेलो, क्रम बदलला, तेव्हा ग्रबचा काळा पडदा आला. भाचा खूश, ताई निर्धास्त.

चार दिवसांनी रात्री नऊला त्याचा फोन. "मामा, विंडोज येडी झाली. दुपारचे साडेतीन दाखवतेय."

मला हसू आवरेना. डिस्कची वाटणी केली होती, मदरबोर्डवरचं घड्याळ मात्र दोघींत एकच. लिनक्स त्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लावते आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज त्या घड्याळात आहे तीच इथली वेळ समजते. एकीनं लावायचं, दुसरीनं चुकीचं वाचायचं. मी त्याला लिनक्समध्ये जाऊन 'टाइमडेटसीटीएल'ची एक ओळ टाकायला सांगितली, म्हणजे तीही घड्याळ इथल्याच वेळेवर ठेवील. टाकल्यावर लिनक्सनं कुरकुर केली, हे बरं नव्हे म्हणून बजावलं, आणि ऐकलं.